बिननात्याची बाटली

आमचे मामंजी बाटल्यांना नात्यानं हाका मारायचे. त्यांच्या कपाटात पाच-सहा व्हिस्कीच्या बाटल्या असत आणि प्रत्येकीचं घराण्याशी काही ना काही नातं लागलेलं असे. "मावशी" म्हणजे सौम्य, गोडसर, घशातून अलगद उतरणारी. "मेव्हणा" म्हणजे न बोलावता येतो आणि आला की हलत नाही असा, घोट गिळून झाला तरी जिभेवर ठाण मांडून बसणारा. "जावया"चं लेबल सोनेरी, बूच चांदीच्या कागदात आणि आत मात्र नुसता रुबाब. आणि "इवाई", म्हणजे व्याही, त्याच्याबद्दल मामंजी म्हणत, "तोंडावर लय ग्वाड. मागनं नरडं खरवडतो." मी व्हिस्कीचा थेंब जन्मात जिभेला लावलेला नाही, पण ही नातेवाईक मंडळी मला माझ्या चुलत भावंडांइतकी ओळखीची होती.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पहिल्या लढाईत फ्रान्स पाहून आलेले, पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले आणि शेतीवाडी भावांच्या हवाली करून साताऱ्यात घर केलेले. दुसरी लढाई ऐन भरात असताना मी सांगलीहून त्या घरात सून म्हणून आले. मिशा पांढऱ्या, पाठ बंदुकीच्या नळीसारखी सरळ. त्यांच्या मिशा मला कळल्या त्या दाराच्या फटीतून, कारण आमच्यात सून सासऱ्यासमोर उभी राहत नसे. बोलणं तर दूरच. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगायचं आणि त्यांनी ते पलीकडे पोचवायचं. सगळी मंडळी एकाच घरात, तीन हातांवर, पण मध्ये हे टपाल.

लग्नानंतर माझे वडील पहिल्यांदा भेटायला आले तेव्हाची गंमत. ओसरीवर वहाणा काढतात न काढतात तोच आतून मामंजींचा आवाज आला, "त्या इवायाला भाईर काढा. लय दीस कोपऱ्यात बसलाय. मानगूट धरून आणा आन पुसून घ्या जरा." माझ्या वडिलांनी काढलेली वहाण पुन्हा पायात घातली. मामंजी बाहेर आले, पाहतात तर व्याही परत निघालेले. त्यांनी काय करावं? आत जाऊन बाटलीच आणली आणि वडिलांच्या हातात दिली. म्हणाले, "पावनं, ह्यो बगा इवाई. तुमचं नाव ह्याला ठिवलंय, ह्याचं तुमाला न्हवं." वडील हसले, बसले. पण चहाला नको, पाण्याला नको. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आमची रीत. मामंजी म्हणाले, "पाणी नगा पिऊ. वास घ्यायला कुठं बंदी हाय?"

माझे वडील सांगलीच्या बाजारात हळदीचे अडते. हळद जमिनीखालच्या पेवात साठवतात. पेव उघडलं की मूठभर हळद नाकाशी नेऊन ते सांगत, माल कोरडा आहे की मुरलाय, की कुठून ओल लागलीय. त्यांनी बाटलीचा वास घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "पेवात पाणी शिरलंय." मामंजी मांडीवर थाप मारून ओरडले, "हां! त्येच तर! इतकी वर्सं मला शब्द घावत नव्हता!" त्या दिवसापासून आमच्या माहेराला त्या घरात एक मान मिळाला. मामंजी कुणालाही सांगत, "सांगलीचं नाक. खोटं बोलत न्हाई."

त्यांची चाखायची रीत ठरलेली होती. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो म्हणून ऊन असतानाच बसायचं. काचेचे तीन पेले, प्रत्येकात ओठ भिजतील एवढीच. मग आडातल्या पाण्याचे दोन-चार थेंब, कारण "पाणी पडल्याबिगर ती बोलत न्हाई." एक चाखली की ज्वारीच्या भाकरीचा नुसता पापुद्रा चावायचा, की जीभ पाटीसारखी पुसून निघाली. मग दुसरी. पलटणीतले जुने दोस्त पेन्शनीच्या दिवशी यायचे आणि घटाघटा रिकामे करायचे. त्यांच्यावर मामंजी चिडत. "म्हसराला पाणी दावलंय काय रं? जरा थांब की गड्या, तिला काय म्हणायचंय ते ऐक." त्यांचं म्हणणं असं की एकट्या बाटलीबद्दल काहीही बोलता येतं, शेजारी दुसरी ठेवली की खरं बाहेर पडतं. "सुना बी तशाच," असं एकदा म्हणाले. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "सासरं बी."

आत्याबाईंना या प्रकाराची शिसारी होती. पेले स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. मामंजी ते स्वतः राखेनं घासत आणि लवंग चघळून मगच जेवायला बसत. भांडण असं कधी झालं नाही. चाळीसेक वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांचे उंबरे नीट ओळखून ठेवलेले होते. मला तेव्हा वाटे, यांच्यात बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. वय कोवळं होतं, दुसरं काय.

कपाटाच्या मागच्या अंगाला एक बाटली होती, तिला मात्र नातं नव्हतं. लेबलही साधं, काळं-पांढरं. मामंजी तिला "बिननात्याची" म्हणत. फ्रान्समध्ये थंडीनं माणसं गारठत होती तेव्हा पलटणीतल्या एका स्कॉच साहेबानं आपल्या गावची म्हणून असल्याच बाटलीतला एक घोट त्यांना दिला होता. पुढे तोच साहेब कायमचा विलायतेला जायला निघाला तेव्हा तशीच एक बाटली हातात ठेवून गेला. ती हकीकत मामंजी दोस्तांना सांगत तेव्हा मी दाराआड ताक घुसळत थांबलेली असे. "घोट घेतला आन माज्या डोळ्यास्नी पाणी आलं. सायेब हासला, म्हनला कडक हाय. कडक कसली रं! वास व्हता त्यो. कुणाचा तरी वास. आपल्या मान्साचा. पर कुणाचा, ते आजवर आठवंना बग."

"मग उघडा की बाटली," दोस्त म्हणत. मामंजी मान हलवत. एकदा बूच निघालं की वास उडायला लागतो, आणि तेवढ्यात ते माणूस आठवलं नाही तर मग कायमचंच गेलं. आज नाक बरं नाही, आज मन थाऱ्यावर नाही, आज हवा दमट आहे, असं करत ती बाटली राहिली. सगळ्या कपाटाला नाती वाटणारा हा माणूस त्या एका बाटलीपुढे मात्र भीत होता.

आणि मग त्यांना मुदतीचा ताप आला. ताप गेला, अंगावर मांसही धरलं, पण नाक गेलं ते गेलंच. कळलं ते असं : बऱ्याच दिवसांनी एका रविवारी तीन पेले मांडून बसले. पहिला नाकाशी नेला, दुसरा नेला, तिसरा नेला. पापुद्रा चावला. पुन्हा पहिला. मग तिन्ही पेले ओसरीखाली ओतले आणि म्हणाले, "पाणी हाय सगळं." तेव्हा चुलीवर दूध उतू जाऊन करपत होतं, घरभर वास सुटला होता आणि मामंजी शांत बसून होते.

त्यानंतरचं त्यांचं जगणं बघवत नसे. जेवताना "काय बी वाढा, समदी मातीच" म्हणत. कपाटाला कुलूप लागलं. दोस्त आले तर त्यांना खुशाल घटाघटा पिऊ देत, रागावतसुद्धा नसत. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. माझ्याशी एक शब्द न बोललेला तो माणूस मला किती हवा होता, हे तो गप्प झाल्यावर मला समजलं.

एका दोस्तानं अर्धवट ठेवलेला पेला एकदा संध्याकाळी मी उचलून ठेवत होते. सहज नाकाशी गेला. वडिलांचीच खोड ती. मी आत्याबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मामंजींना सांगा, ह्यात भिजवलेल्या हरभऱ्याचा वास येतोय. आन मागनं जुन्या लोणच्याच्या बरणीचा." आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेलाच टाकणार होते. पण ओसरीवरून आवाज आला, "कुठल्या पेल्यात? रंग कसा हाय? ईचारा तिला. मेव्हणा हाय त्यो! लोणच्याची बरणी... व्हय, व्हय, बरणीच!"

तिथून आमचं सुरू झालं. रविवारी मामंजी पेला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवत आणि तोंड फिरवून अजिंक्यताऱ्याकडे बघत बसत. मी पदर सावरून पेला उचलायची, वास घ्यायची, आत्याबाईंना सांगायची आणि आत्याबाई बाहेर सांगायच्या. मामंजी डोळे मिटून, माझा शब्द आणि आपली आठवण जोडून घोट घ्यायचे. पण आत्याबाईंचं टपाल काही सरळ नव्हतं. मी म्हणावं, "नव्या वैरणीचा वास." त्या म्हणत, "कुजकी वैरण म्हणती." मी म्हणावं, "पिकलेलं केळ." त्या म्हणत, "सडलेलं केळ म्हणती, आन ती म्हणती आता बास करा." मामंजी कळवळून म्हणत, "आवं, तिचं सांगा, तुमचं नगं!" मला हसू आवरत नसे. तोंडात पदर कोंबून बसायची.

असे बरेच रविवार गेले. मामंजींची पाठ पुन्हा सरळ झाली. पण बिननात्याची बाटली त्यांनी काढली नाही. तिचा वास माझ्या नाकावर सोपवायला त्यांचं धाडस होत नव्हतं. माझ्या नाकानं त्यांचं माणूस कसं ओळखावं?

लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि माझं पहिलं बाळंतपण सांगलीला ठरलं. तिकडे असतानाच ऐकलं की सगळ्या प्रांतात दारूबंदी येतेय, ठरल्या दिवसानंतर घरात बाटली सापडली तर गुन्हा. दोस्तांनी मामंजींना सुचवलं, आजारी म्हणून परवाना काढा. ते म्हणाले, "नाक मेलंय ह्यो आजार सरकारच्या यादीत नसंल. आन हुकूम म्हंजी हुकूम." मावशी, मेव्हणा, जावई सगळे दोस्तांना वाटून टाकले. इवाई आधीच संपला होता. उरली ती एकटी. माझे यजमान मला आणायला सांगलीला आले तेव्हा निरोप घेऊनच आले, की मुदत संपायच्या आत या, सांगलीचं नाक आल्याबिगर बूच निघणार नाही.

मी लेकीला घेऊन आले. आठवड्यात घराचा वास बदलला. रोज बाळाला न्हाऊ घातलं की आत्याबाई शेगडीत गोवरीचे निखारे घालत, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं टाकत आणि ती धुरी बाळाला नि मला देत. भिंतींना, लुगड्यांना, उशांना तोच वास. घरात तो येत नव्हता फक्त एकट्या मामंजींना.

पुढच्या रविवारी, दुपार कलताना, त्यांनी बूच काढलं. पेला उंबऱ्यावर आला. त्यांनी तोंड फिरवलं.

मी वास घेतला. म्हटलं, "आत्याबाई, दवाखान्यात चूल पेटवल्यावानी वाटतंय." आत्याबाई हसल्या, बाहेर तसंच सांगितलं. मामंजी हसले नाहीत. "अजून घे म्हणावं. खाली काय हाय?" मी पुन्हा घेतला आणि गोंधळले. घरातलाच वास पेल्याला लागलाय, असं वाटलं. पेला घेऊन मागच्या परसात गेले. वारा होता. तिथं उभी राहून पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा पेला वर नेला. तिथेही तेच. आत येऊन आत्याबाईंना म्हटलं, "धुरीचा वास आहे. बाळंतिणीच्या खोलीचा. गोवरी, शेपा, ओवा, समदं."

आत्याबाईंनी ते बाहेर सांगितलंच नाही.

"काय म्हणाली?" मामंजींनी विचारलं. "आवं, काय म्हणाली ती?"

ज्या बाईनं जन्मात पेल्याला बोट लावलं नव्हतं तिनं माझ्या हातातून तो घेतला आणि नाकाशी नेला. मग ती तिथेच, उंबऱ्यावर बसली. निम्मी आत, निम्मी बाहेर.

"मलकापूरला माज्या म्हायेरी तुमी सोप्यात हुबं व्हता," आत्याबाई म्हणाल्या. "आटवतंय? थोरलीच्या वक्ताला. सुईणीनं आत यिऊ दिलं न्हाई. सुवेर हाय म्हनली, बारशाला बगा. आन बारशाच्या आदीच तुमाला पलटणीनं बोलावलं."

मामंजींनी आता तोंड आत्याबाईंकडे वळवलं होतं. मी मागे सरायला हवं होतं, पण तिथंच उभी राहिले. माझ्या यजमानांच्या आधी या घरात एक लेक होऊन गेली, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते.

"दार लावून घ्यायचो आमी, वारं नगं म्हणून," त्या सांगत होत्या. "फटीतनं धूर तेवढा भाईर यायचा. तेवढाच तुमच्या वाटणीला आला."

आत बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. मग मामंजींनी अगदी हळू विचारलं, "सायबानं घोट दिला तवा... ती व्हती का?"

"कवा दिला?"

"थंडी पडली व्हती. संक्रांतीच्या आदी. तिळगूळ मागनं आला पलटणीत."

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. सरळ त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "मग व्हती. संक्रांतीला तिला बोरन्हाण घातलं मी. बोरं धराय बघत व्हती. त्याच्या मागनं गेली."

मामंजींनी मान डोलावली. पुन्हा डोलावली. लेक नेमकी कधी गेली हा हिशोब ते इतकी वर्षं मनात घेऊन हिंडत होते आणि विचारायचं कुणाला हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. बाई शेजारच्याच खोलीत होती.

"नाव काय ठिवलं व्हतं?"

"कुठलं नाव? बाप आल्यावर बारसं घालू म्हनलं आमच्या आईनं. तुमी आला ते पाच वर्सांनी."

मामंजींनी बाटलीकडे पाहिलं. "मग हिला काय म्हणू?"

"लेक म्हणा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी पेला उचलला, तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ गिळलाच नाही. गिळल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "आला का वास?" ते म्हणाले, "आला." खरं की खोटं, मला माहीत नाही. ते खरं असावं, एवढंच मला वाटतं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. टपाल नाही, आडपडदा नाही, सरळ माझ्याकडे. म्हणाले, "पोरी, लय उपकार झालं. तुजी लेक जरा आण हिकडं. मांडीवर दे." मी पदर डोक्यावर ओढून उंबरा ओलांडला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी माझ्या सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा उजेडात, समोरून पाहिला. त्यांचे डोळे घारे होते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दारूबंदीच्या आदल्या दिवशी दोघं टांगा करून माहुलीला गेली. जोडीनं कुठं गेलेली मी त्यांना तोवर पाहिलेली नव्हती. संगमावर मामंजींनी बाटली कृष्णेत रिकामी केली. तेच पाणी पुढं आत्याबाईंच्या माहेराच्या, मलकापूरच्या कडेनं जातं. रिकामी बाटली पाण्यात सोडायला ते वाकले, तेव्हा आत्याबाईंनी ती काढून घेतली. घरी आणून उकळत्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, ओवा भरला आणि स्वयंपाकघरात फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. उंबऱ्याच्या आत आलेली ती एकच बाटली.

मामंजी त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. पण जी काही राहिले ती माझ्याशी बोलत राहिले. चहा कसा झालाय हे चाखून मलाच विचारायचे, आणि मी सांगितलं की, "बरोबर, तसाच लागतोय," म्हणायचे. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी धुरी ठेवली होती. वास येत नव्हता त्यांना, पण धूर दिसत होता. धुराकडे बघत असत.

आता आत्याबाईही नाहीत. बाटली माझ्या स्वयंपाकघरात आहे. आमच्या घरातल्या पोरींची, नातींची बाळंतपणं तिच्यातल्या ओव्यावर झाली. नव्या सुनांना आधी कळत नाही, मी हाक मारून सांगते, "लेकीतला ओवा घे गं," तर त्या माझ्या तोंडाकडे पाहतात. मग ही सगळी हकीकत सांगावी लागते. त्या पेल्यातला वास तिला आता कुठला, नुसत्या ओव्याचा येतो. तरी बूच काढलं की मी आधी उंबऱ्याकडे बघते. तिथं पेला नसतो, आणि तोंड फिरवून बसलेलं, "काय म्हणाली ती?" असं विचारणारंही कुणी नसतं.